मांडव उतरायच्या आत : दहावीच्या मित्रांना घेऊन लग्नघरातला विनोदी सिनेमा कसा काढावा

सिनेमा काढायचा तर खऱ्या लग्नात काढू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात ठेवा.

मी कुडाळात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं करतो, सव्वीस वर्षं झाली. व्हीएचएसचा कॅमेरा खांद्यावर घेऊन सुरुवात केली. आता कॅमेरा हलका झालाय, पण खांदा एका बाजूला उतरला तो उतरलाच. आमची दहावीची बॅच १९८९ची. २०२३च्या मे महिन्यात त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न निघालं. मुंबई-पुण्याहून सगळे येणार होते. मला वाटलं, मांडव आयता, माणसं आयती, जेवण आयतं, कॅमेरा तर लावायचाच आहे, मग त्यातच एक सिनेमा काढून मोकळं व्हावं. जुने मित्र लग्नाला जमतात आणि जुनं भांडण उकरून काढतात, अशी गोष्ट. कागदावर हिशेब चोख होता.

मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. बारा वाजता आमचा नायक मोटारसायकलवरून बर्फ आणायला गेलेला, कारण मुलीच्या काकांनी त्याला "रे, रिकामो कित्याक रवलंस?" म्हणून पिटाळलं होतं. दुसरा अक्षता वाटत होता. उरलेल्या दोघांना मांडवाच्या कोपऱ्यात उभं करून मी भांडणाचा प्रसंग घेतला. प्रसंग उत्तम झाला. इतका उत्तम की नवऱ्याच्या आत्याने तो खरा धरला. मुलीकडची माणसं ऐन मुहूर्ताला हातघाईवर आली, ही बातमी पाच मिनिटांत जानवसघरापर्यंत गेली. समजूत काढायला अर्धा तास लागला आणि मुलीच्या बापाने पुढे दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. त्या सिनेमाची आज माझ्याकडे अकरा मिनिटं शिल्लक आहेत. त्यातली चार बर्फाची वाट बघण्याची.

पुढच्या वर्षी गुरु-शुक्राच्या अस्तामुळे मे महिन्यात मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. धंदाही बसला आणि सिनेमाही. मग २०२५च्या मेमध्ये दुसऱ्या एका मित्राच्या मुलाचं लग्न वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. त्या वेळी मात्र सिनेमा पुरा झाला, चौपन्न मिनिटांचा. कसा केला ते सांगतो. मित्रांची नावं घालत नाही. घातली तर मला बाजारात फिरता यायचं नाही.

तारीख आणि मांडव

कोकणात मित्र जमतात तीन वेळा : गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. गणपतीत माणसं भरपूर असतात, पण चातुर्मास असल्यामुळे लग्न नसतं. शिमग्याला पालखी सोडून कोणी तुमच्याकडे बघणार नाही. म्हणजे राहिला मे. तोही पहिला पंधरवडा धरा. पाऊस सात जूनला येतो असं आपण म्हणतो खरं, पण २०२५ साली तो २५ मे रोजीच तळकोकणात उतरला, आणि त्याआधीचा आठवडाही धड कोरडा नव्हता. आमचे दोन छोटे प्रसंग मागाहून घ्यायचे ठेवले होते, ते राहिले ते राहिलेच.

मित्रांना तारीख कळवायची ती रेल्वेच्या हिशेबाने. आगाऊ आरक्षण आधी १२० दिवस मिळायचं, नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. तेव्हा साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता सगळ्यांना फोन करून उठवायचं काम तुमचं. येताना नाही मिळालं तर माणूस बसने येतो, मित्राच्या गाडीत कोंबून येतो. परतीचं मात्र लग्नानंतर तिसऱ्या रात्रीचं काढायला लावा आणि का ते सांगू नका.

कारण खरं काम त्या उरलेल्या दोन दिवसांत होतं. आमच्याकडे नवऱ्याच्या घरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पूजा असते. पूजा झाली, तीर्थप्रसाद झाला की मांडव रिकामा. खुर्च्या आहेत, कमान आहे, झेंडूच्या माळा कोमेजल्यात पण चार हातांवरून कळत नाही. घरातली बायकामाणसं दमून आडवी झालेली. आणि सगळ्यांची मनं मोकळी, कारण कार्य पार पडलंय. हा वेळ सोन्यासारखा. मांडववाल्याला महिनाभर आधी गाठून एक दिवस जास्तीचा ठरवून टाका. मे महिन्यात तो फुकट देत नाही. आम्ही अडीच हजार मोजले.

खऱ्या लग्नाच्या दिवशी फक्त गर्दी घ्या. वरात, बँड, पंगत, अक्षता उडताना. तुमचे पाच नट त्या गर्दीत नुसते दिसले पाहिजेत, बोलायचं नाही. घरच्या थोरल्या माणसाची परवानगी आधी घ्यायची, नवरानवरीचीही. पोरांनी हो म्हटलं म्हणजे झालं असं नाही. एक गोष्ट हमखास विसरते : लग्नात जो शर्ट होता तोच पुढचे दोन दिवस. धुवायचा नाही. आमच्या बँकवाल्याच्या बायकोने रात्रीत शर्ट धुऊन इस्त्री करून दिला, त्यामुळे सिनेमात तो अक्षता टाकताना घामेजलेला आहे आणि दोन मिनिटांनी बाहेर येतो तो थेट लाँड्रीतून.

गोष्ट कुठून काढायची

लग्नातून काढू नका. लग्न म्हणजे नुसतं घड्याळ. हळद, मुहूर्त, पंगत, पूजा, परतीची गाडी : हे काटे आपले आपण फिरत असतात आणि कोणासाठी थांबत नाहीत. त्याचा फायदा घ्यायचा. गोष्ट काढायची ती मित्रांच्या जुन्या थकबाकीतून. प्रत्येक बॅचमध्ये एक मिटवायचं राहिलेलं प्रकरण असतंच. मोठं नको. मोठं प्रकरण असलं की माणसं खरोखर रडतात आणि सिनेमा हातचा जातो. क्षुल्लक हवं, पण अजून डिवचणारं.

आमचं होतं बॅटचं. १९८८ साली आम्ही नववीतून दहावीत जाताना वर्गणी काढून १४५ रुपयांची बॅट आणली. मॉनिटर मुलगी होती, तिने वहीत हिशेब ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत बॅट नाहीशी झाली. ती कोणाकडे गेली यावर गेली सदतीस वर्षं चर्चा चालू आहे. आणि वही अजून तिच्याकडे आहे! निळ्या पुठ्ठ्याची, पेन्सिलने लिहिलेली, तिघांच्या नावापुढे "२ रु. बाकी". ती वही समोर ठेवल्यावर दोन जणांचा आवाज खरोखर चढला. तिथे मला कळलं की पटकथा झाली.

सिनेमात आम्ही बॅट शोधायला लावली. पाच मित्र, दोन दिवस, एक लग्नघर, आणि प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्याने ढापली. शेवट ठरलेला : बॅट त्याच घरात आहे. विहिरीवर. नवऱ्या मुलाची आजी तिने चादरी धोपटते.

शेवट आधी पक्का करा, मग मागे या. मी उलटं केलं होतं २०२३ साली. मजेदार सुरुवात सुचली म्हणून हुरळून गेलो.

हात रिकामे नकोत

लग्नघरात मोकळ्या हाताने कोण बोलतं? कोणी नाही. म्हणून प्रत्येक प्रसंगात हाताला काम द्या. केळीचा खांब मांडवाला बांधताना, पत्रावळींचे गठ्ठे मोजताना, आडाळ्यावर (विळीवर) खोबरं किसताना, कोणाच्या तरी मामांना स्टँडवरून आणताना. दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलायला लागली की ते नाटक, तेही गॅदरिंगचं. पण तीच दोघं जड पातेल्याचा एकेक कान धरून परसातून मांडवात चालली आहेत, भांडण रंगात आलंय आणि पातेलं खाली ठेवता येत नाही, तर मग लिहिलेल्या वाक्याचं निम्मं काम पातेलंच करतं. आम्ही त्या पातेल्यात खरंच चाळीस वड्यांचं पीठ ठेवलं होतं. नुसतं पातेलं उचललं तर खांदे खोटं बोलतात.

किनारा जवळ असेल तर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे जा. रापणकरांना विचारून पाच मित्रांना दोराला लावा. पन्नाशीची पोटं, मुंबईचे बूट, आणि मागून "जोर लाव रे, जेवाक नाय काय घातलेला!" ही ओरड आम्ही लिहिली नव्हती. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हेही मेमध्येच.

संवाद लिहायचे की नाहीत? आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रात्री देवळाच्या आवारात पोचल्यावर आख्यान ठरतं, कोणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि मग तोंडाला रंग लावता लावता दोघे आपसात दोन गोष्टी बोलून घेतात. बाकी रंगमंचावर. शब्द प्रत्येकाचे आपले, पण प्रसंग कुठे न्यायचा ते सगळ्यांना माहीत. मी तेच धरलं. प्रत्येक प्रसंगाला एक चिठ्ठी : तुला काय हवंय, आणि कोणती गोष्ट तू तोंडातून काढायची नाहीस. दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या, एकमेकांना दाखवायच्या नाहीत. फक्त प्रसंगाचं शेवटचं वाक्य मी लिहून द्यायचो, कारण ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं तर कोणीच थांबत नाही.

भाषेचं एक बघा. जो गावात राहिला तो मालवणीत बोलतो. जो मुंबईला गेला त्याची मालवणी १९८९ सालच्या स्टेशनवर थांबलेली असते. तो आज कोणी वापरत नाही असे शब्द मोठ्या ऐटीत काढतो. आणि मस्कतवाला असेल तर त्याचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठे उतरेल ते त्यालाही ठाऊक नसतं. हे सुधारू नका. यावर टीपही घालू नका. आपोआप हसू येतं.

कोणाला काय द्यायचं

बॅचमधला जो विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे त्याला विनोदी काम देऊ नका. तो कॅमेऱ्याकडे बघून डोळे मोठे करतो. आमच्या अशा मित्राला आम्ही अत्यंत गंभीर काम दिलं, मुहूर्त चुकू नये म्हणून सारखं घड्याळ बघणाऱ्या माणसाचं, आणि एकही विनोद करायचा नाही अशी शपथ घातली. त्याच्या चेहऱ्यावर विनोद दाबल्याची जी कळ दिसते ती पैसे देऊन मिळणार नाही. उलट वर्गात मागच्या बाकावर बसणारा, कधीच न बोललेला रिक्षावाला मित्र पहिल्या टेकमध्ये असा सहज बोलला की मीच कॅमेरा हलवला.

वर्गातल्या मुलींना "कोणाची तरी वहिनी" करून स्वयंपाकघरात बसवू नका. हिशेबाची वही मॉनिटरणीकडे होती, म्हणजे सगळ्यांची नाडीही तिच्याकडे. आमच्या सिनेमात पाच पुरुष बॅट शोधतात आणि ती पहिल्या दिवसापासून जाणून असते. तिचं काम तिनेच केलं. मी एकदा तिला "जरा हसून बोल" म्हटलं, तर म्हणाली, "दोन रुपये टाक, मग हसतंय."

ज्याची परतीची गाडी आधी, त्याचे प्रसंग आधी. हे उघड वाटतं. तरी आम्ही चुकलो, आणि शेवटच्या प्रसंगात पाचव्या मित्राची पाठ म्हणून त्याच्या भावाला उभं केलंय.

गाऱ्हाणं

या एका प्रसंगावर मी जरा जास्त बोलणार, कारण सिनेमातलं माझं एवढंच खरं काम.

शुभकार्यात गाऱ्हाणं असतं. गावातला मानकरी किंवा घरातला जाणता माणूस नारळ पुढे ठेवून देवाला साकडं घालतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. समोरचा काय म्हणतोय ते डोक्यात शिरायच्या आत तोंडून "होय म्हाराजा" गेलेलं असतं. मला नेमकी ती मधली वेळ हवी होती.

देवळात हे करायचं नाही, ते मी आधीच ठरवलेलं. देवासमोर खोटं गाऱ्हाणं घालणं मलाही नको होतं. अंगणात तुळशीपासून लांब, मांडवाच्या कडेला जागा घेतली. आमच्या बॅचमधलाच एक गाऱ्हाणी घालण्यात तयार आहे; त्याने घरी आधी खऱ्या देवाला विचारून घेतलं, मग तयार झाला. त्याच्याशी एकट्याशी बोललो. बाकी कोणाला सांगितलं नाही. कॅमेरा लांब ठेवला सगळ्या घोळक्यावर, आणि एक फोन खांबाला बांधून नुसत्या चेहऱ्यांवर लावला.

तो सुरू झाला : "बा देवा म्हाराजा, बारा पाचाच्या म्हाराजा, आज ह्या घरात लगीनकार्य झाला, ता तुझ्याच कृपेन झाला रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकरांका सुखात ठेव, आल्यागेल्याची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि अठ्ठ्याऐंशी साली ह्या पोरांची बॅट ज्या कोणी नेल्यान आसात, त्याका आता तरी सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. जोरात म्हणाले. आणि त्यानंतर, फोनवरच्या चित्रात, एकेक चेहरा बदलत गेला. आधी मॉनिटरणीची भुवई. मग आमच्यातल्या मास्तरचं तोंड उघडं राहिलं. रिक्षावाल्याने टोपी काढली, का ते देव जाणे. बँकवाला शेजाऱ्याकडे बघायला वळला आणि शेजारी आधीच त्याच्याकडे बघत होता. साधारण दीड सेकंद. मग सगळे फुटले आणि पुढचं काही वापरता येण्यासारखं नाही. पण तो दीड सेकंद पुन्हा मिळाला नसता. मागाहून आम्ही यजमानाचा, म्हणजे गोष्टीतल्या चोराचा, एक वेगळा शॉट घेतला : इतरांच्या मागून, अर्धा सेकंद उशिरा, एकट्याचा "होय म्हाराजा". त्याचे पाच टेक झाले. पहिल्या चारांत तो आवंढा गिळत होता. आवंढा गिळला की प्रेक्षकाला सांगितल्यासारखं होतं. पाचव्यात तो कंटाळला होता, तोच घेतला.

यातून घ्यायचं ते असं की नटाला आश्चर्य करायला सांगू नका, खरंच आश्चर्य वाटेल अशी सोय करा. मात्र एकदाच. दुसऱ्यांदा सगळे सावध होतात आणि दोन दिवस तुमच्याकडे संशयाने बघतात.

उजेड आणि आवाज

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, डोंगराकडून येतो, समुद्र निळा आणि चेहरे उजळ. संध्याकाळी सूर्य समुद्रावर, म्हणजे माणसं काळ्या आकृत्या. सगळ्यांना संध्याकाळच हवी असते. पण विनोद चेहऱ्यावर असतो, आणि काळ्या आकृतीला भुवई नसते. किनाऱ्यावरचे हसायचे प्रसंग सकाळी सात ते नऊ, निरोपाचा एखादा संध्याकाळी. रात्री वाळूवर झगझगीत दिवे लावून काही करू नका : वायंगणीसारख्या आपल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, आणि अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे जातात.

मांडवाचं कापड बघून घ्या. लाल-गुलाबी कापडातून दुपारचं ऊन आलं की माणसं उकडलेल्या कोळंबीसारखी दिसतात आणि ते नंतर संगणकावर पूर्ण जात नाही. एका बाजूची पट्टी सोडवून पांढरा उजेड आत घ्या. ट्यूबलाइटखाली चित्र थरथरत असेल तर फोनवर फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्याच्याशी ते जुळतं. फोनमधल्या साध्या कॅमेऱ्यात ही सोय नसली तर ती देणारी अॅप मिळतात.

आवाजाला मात्र पैसे घाला. चित्र जरा वाईट असलं तर लोक चालवून घेतात, शब्द कळला नाही तर उठून जातात. कॉलरला लावायचे दोन माईक पुरे. समुद्राजवळ माईकवर केसाळ टोपी लागतेच. लाटांचा आवाज मागाहून वेगळा घालता येतो, पण संवादात मिसळलेला काढता येत नाही, म्हणून संवाद शक्यतो घराच्या मागच्या अंगाला. माईक मंगळसूत्रापासून लांब. खळ घातलेल्या कुर्त्यापासून लांब. मिक्सर, पंप, फ्रीज बंद करायला एक पोरगा नेमा आणि चालू करायलाही तोच. आमच्याकडे फ्रीज रात्रभर बंद राहिला आणि सोलकढी गेली. प्रत्येक जागी मिनिटभर कोणी न बोलता नुसता तिथला आवाज भरून घ्या, जोडकामात सांधे बुजवायला लागतो. कोंबड्याला काही उपाय नाही. आमच्या सिनेमात तो तीनदा आहे. लोकांना वाटतं मुद्दाम घातलाय.

विहीर

नवीन बॅट आणून जुनी करायची तर आधी कडा कानशीने घासायच्या, मग आठ दिवस मिठाच्या पाण्यात, मग उन्हात. स्टिकर खरवडून अर्धा ठेवायचा. आमची बॅट सदतीस वर्षं धुणं धुतल्यासारखी दिसली पाहिजे होती. शेवटी पातीचा खालचा भाग रंध्याने निम्मा केला, तेव्हा ती खरी वाटायला लागली.

यजमानाची आई एक्क्याऐंशी वर्षांची. तिला नुसतं म्हटलं, आई, ही घे आणि चादर धोपट. तिने मूठ धरून बघितली, म्हणाली "हलकी आसा," आणि विहिरीच्या दगडावर अशी काही हाणली की पाण्याचे शिंतोडे कॅमेऱ्यावर. मी दुसरा टेक मागितला. म्हणाली, "धुतलेला परत कित्याक धुवचा?" नाही म्हणजे नाही. चार चादरी होत्या, चार टेक मिळाले, आणि चौथ्याला चादर खरोखर स्वच्छ निघाली. पाच मित्र पायवाटेवर एका रांगेत उभे, कोणी बोलत नाही, नुसता थप थप आवाज. ती वर न बघता विचारते, "जेवलात काय रे?" संपलं. तिथे संगीत घालायचा मला फार मोह झाला होता, पोराने हात धरला म्हणून वाचलो.

जोडकाम, गाणी, पैसे

जोडकामासाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती पुरते. पहिली जोडणी ब्याण्णव मिनिटांची झाली. मी ती आमच्या कोणालाच न ओळखणाऱ्या चार माणसांना दाखवली आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसलो. जिथे माणूस फोन उचलतो तिथे काट मारायची. मित्रांना विचारू नका. त्यांना प्रत्येक प्रसंगात तो दिवस आठवतो आणि काही कापू देत नाहीत.

गाण्यांबाबत एक घोळ नेहमी होतो. लग्नात, वरातीत सिनेमाची गाणी वाजवायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे. पण तेच गाणं वाजत असताना तुम्ही शूटिंग करून सिनेमात घातलंत तर ती मोकळीक लागू नाही, आणि यूट्यूब ते ओळखून काढतं. म्हणून बँडवाल्याचे शॉट घ्या, आवाज घेऊ नका. आम्ही लग्नाआधी घाणा भरताना म्हणायच्या जुन्या ओव्या गावातल्या दोन बायकांकडून म्हणवून घेतल्या आणि वरातीवर त्याच टाकल्या. ढोल दिसतो, ओवी ऐकू येते. विचित्र वाटेल असं वाटलं होतं, पण बरं वाटतं.

आम्हाला एकूण खर्च आला एकतीस हजार. त्यात माईक, मांडवाचा एक दिवस, बॅट, हार्ड डिस्क, आणि उरलेले जवळपास सगळे जेवणाचे. फोन आणि कॅमेरा घरचेच होते. रेल्वेच्या फलाटावर किंवा किल्ल्यात शूटिंग करायचं तर रीतसर परवानगी लागते. आमचा स्टेशनचा प्रसंग आम्ही बाहेरच्या रिक्षा स्टँडवर हलवला, तोही आमच्याच मित्राच्या रिक्षात. आणि पुढेमागे थिएटरात लावायची स्वप्नं पडली तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं.

आम्ही तो गणपतीत दाखवला, यजमानाच्या अंगणात, विहिरीवरच्या त्याच चार चादरींपैकी एकीवर. काम केलेली माणसं आणि घरची, एवढीच. मी ठरवलेल्या जागी कोणी फारसं हसलं नाही, रिक्षावाल्याच्या टोपीला मात्र दोनदा मागे घेऊन बघितलं. मस्कतवाल्याला सुट्टी मिळाली नव्हती, त्याला दुवा पाठवला होता. रात्री साडेबाराला त्याचा फोन आला. सिनेमा कसा वाटला ते काही बोलला नाही. म्हणाला, "आयक, ती बॅट माज्याकडे नव्हती हां."

सिनेमात त्याचं नावसुद्धा कोणी घेतलेलं नाही. मी सकाळी मॉनिटरणीला सांगितलं. तिने वही मागवली.